उसातील बेट

चोहोंकडून पाण्याने वेढलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, ही व्याख्या आम्ही शाळेत पाठ केली आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत तिच्याविषयी कधी शंका घेतली नाही. छत्रपती संभाजीनगराहून समुद्र फार दूर. तेव्हा बेटांशी आमचा परिचय इंग्रजी कादंबऱ्यांपुरताच. परंतु एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आमचा हा भूगोल दुरुस्त केला.

मुलगी बीड जिल्ह्यातली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तास संपल्यावर ती आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, धाकटीचं लगीन ठरलंय. पंधरावं लागलंय तिला. माय म्हणती, आम्ही सहा महिने फडावर, पोरीला कुणापाशी ठिवावं?" आम्ही शिरस्त्याप्रमाणे हळहळलो. मग अडखळत तिने दुसरा प्रश्न विचारला. लग्न टळलेच नाही, तर निदान मूल लवकर होऊ नये म्हणून धाकटीने काय करावे? कोणाला विचारावे? आम्ही खिडकीबाहेर पाहिले आणि "हे तू एखाद्या बाईंना विचार," असे म्हणून हजेरीपट उचलला. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात 'रोमिओ आणि ज्युलिएट' शिकवीत होतो. ज्युलिएटला अजून चौदावे वर्षही पुरे झालेले नाही, हे सांगताना आमची जीभ यत्किंचितही अडखळली नव्हती.

पुढे आम्ही मुद्दाम एका कारखान्याच्या परिसरातील कोप्या पाहून आलो. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. एकट्या माणसाचा अर्धाच कोयता. म्हणून मुलाचे आईबाप सून लवकर शोधतात, आणि दार नसलेल्या कोपीत वयात आलेली मुलगी कशी सांभाळावी, ह्या धास्तीने मुलीचे आईबाप ती लवकर देतात. न्हाणीघर नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांतही पहाटे फडावर जायचे, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. गावच्या आरोग्यसेविकेच्या लेखी ही मुलगी स्थलांतरित, तर कारखान्याकडच्या आरोग्यसेविकेच्या लेखी परगावची. डांबरी सडकेपासून हाकेच्या अंतरावर असलेली ही वस्ती आम्हास खरोखर बेटासारखी वाटली.

कायद्याने मुलीचे लग्नाचे वय १८ आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ४० हून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीसमोर आलेली माहिती ह्याहून भयंकर होती. त्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली होती.

ह्याला दारिद्र्य कारण आहे, हे खरेच. परंतु त्या दिवशी आमच्या खोलीत दारिद्र्य आडवे आले नव्हते. आडवा आला तो आमचा सभ्यपणा. हा सभ्यपणा सर्वच प्राध्यापकांनी पाळला असेही नाही. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ह्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. पण १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९५३ मध्ये मरण येईपर्यंत चालविले. वाचकांच्या अडचणीच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी, ज्यांनी पुढे १९५० साली आमच्याच ह्या शहरात महाविद्यालय स्थापन केले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. ती उत्तरे मात्र छापून गेली होती!

पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेकडा ९२ जणींना स्त्रीरोग आढळला. आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या केवळ शेकडा ८. बायका सांगत नव्हत्या, कारण त्यांना कोणी विचारीतच नव्हते. राणीताईंनी मग तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरे सुरू केली आणि आम्ही ज्या विषयापासून तोंड फिरविले, तो त्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडला.

आमच्या विद्यार्थिनीच्या धाकट्या बहिणीचे लग्न दिवाळीपूर्वीच झाले. पुढल्या वर्षी कळले, ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती, वय सोळा.

तेव्हा आम्हास चार वाक्ये पुरली असती. गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह रोखणारा अधिकारी असतो. १०९८ ह्या क्रमांकावर कोणीही कळवू शकतो. लग्न झालेच, तरी वीस वर्षे पुरी होईपर्यंत मुलीला ते न्यायालयातून रद्द करवून घेता येते. आणि गर्भनिरोधाची साधने सरकारी आरोग्य उपकेंद्रात विनामूल्य मिळतात. ही वाक्ये आम्ही आता दरवर्षी दसऱ्याच्या सुटीपूर्वी वर्गात सांगतो. पहिल्या वर्षी आमचा आवाज कापला, मुलगे हसले आणि मुली खाली पाहत राहिल्या. तास संपल्यावर मात्र दोन मुली दाराशी थांबल्या होत्या. आम्ही हजेरीपट खाली ठेवला आणि त्यांना बसावयास सांगितले.