हेब्रिडीज बेटांवरील शीतळासप्तमी

साठीस टेकलेल्या माणसाने सायकलीवर तंबू बांधून दूरची बेटे हिंडावयास निघावे, ही गोष्ट आमच्या घरात कोणास रुचली नाही, हे सांगावयास नकोच. सूनबाईंनी गुडघ्यांची आठवण दिली, काकूंनी पडशाची. दादा मात्र काहीच बोलले नाहीत. ते आमच्याशी दोन वर्षे बोलतच नव्हते. पण ते पुढे येईल.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात बाह्य हेब्रिडीज नामक बेटांची माळ आहे. दक्षिणेच्या व्हॅटरसेपासून उत्तरेस ल्यूइसच्या टोकापर्यंत 185 मैलांचा सायकलमार्ग या बेटांवरून जातो. दहा बेटे लागतात. सहा ठिकाणी समुद्रात बांध घालून त्यावरून सडक नेली आहे, दोन ठिकाणी बोटीत बसावे लागते. वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणून शहाणा मनुष्य दक्षिणेकडून निघतो. 2022 च्या जूनमध्ये आम्हीही उभयता तसेच निघालो. सायकली ग्लासगोस राहणाऱ्या कन्येच्या.

तेथे तंबू ठोकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. जबाबदारीने वागणाऱ्यास मोकळ्या रानात रात्र काढण्याचा हक्क 2003 च्या कायद्याने दिलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत येऊन सुपीक माळ झाले आहेत. त्यांस गेलिक भाषेत 'माखर' म्हणतात. आपल्या मखराशी त्या शब्दाचे काही नाते नसावे, परंतु जूनमधील पिवळी-पांढरी फुले पाहून सौभाग्यवतींना गौरींचीच आठवण झाली. झाड जवळजवळ नाही. वारा सुटला तर तंबू धरून बसावे, पडला तर चिलटांचे थवे कानानाकात शिरतात. त्यामुळे कोणता प्रसंग बरा याचा निर्णय आमच्याने शेवटपर्यंत झाला नाही.

एका शनिवारी संध्याकाळच्या बोटीने आम्ही हॅरिस बेटावर उतरलो. दुकान बंद झालेले. उद्या घेऊ, असे म्हणून स्कारिस्टा गावाजवळ किनाऱ्यावर मुक्काम केला. रात्री वाऱ्याने तंबूची एक काठी मोडली, स्टोव्हचा गॅस संपला, आणि सकाळी शिधा पाहतो तो मूठभर पोहे व लोणच्याची बरणी! आता दुकान गाठावे, तर दिवस रविवार. दक्षिणेकडील बेटे कॅथॉलिक पंथाची, तेथे रविवार आपल्यासारखाच जातो. परंतु हॅरिस व ल्यूइस प्रेस्बिटेरियन. कित्येक घरी त्या दिवशी दोरीवर धुणेसुद्धा वाळत घालीत नाहीत. स्टोर्नोवेहून मुख्य भूमीकडे रविवारची बोट सुरू झाली तीच मुळी 2009 साली, आणि तीही पुष्कळ विरोधानंतर.

सडकेलगत एका घराच्या फाटकाशी पेटी होती. अशा पेट्या तेथे जागोजाग असतात. पाव वा केक उचलावा, डब्यात पैसे टाकावे, विक्रेता समोर नसतो. या पेटीवर फडके घातलेले होते. आम्ही ते उचलले, पाव घेतला, नाणी टाकली. तोच काळी टोपी घातलेल्या एक वृद्ध बाई चर्चमधून परतल्या. डबा उघडून त्यांनी नाणी आमच्या हातावर परत ठेवली. आज विक्री नाही, त्या म्हणाल्या. आम्ही खजील होऊन पावही परत करू लागलो, तो त्यांनी घेतला नाही. उलट आम्हां दोघांस आत बोलावले.

मेजावर सारे कालच शिजवून ठेवलेले होते. बटाटेसुद्धा शनिवारी रात्रीच सोललेले. आम्ही मांस खात नाही असे कळताच त्यांनी एक भांडे मुकाट्याने झाकले आणि ओटच्या कडक भाकऱ्या व चीज पुढे केले.

"अहो," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "ही तर आपली शीतळासप्तमी!"

घास आमच्या घशात अडकला. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या त्याच सप्तमीस, घरात चूल पेटवावयाची नसता, आम्ही मुद्दाम शेगडी पेटवून चहा केला होता, आणि वर विज्ञानावर चार वाक्ये बोललो होतो. दादा पानावरून उठले. त्या एका कपापायी आमच्या वाड्यात दोन स्वयंपाकघरे झाली. येथे मात्र परक्या बाईंच्या घरी आम्ही चहा मागितला नाही, आणि न मागण्यात आपले काही कमी झाले असेही आम्हांस वाटले नाही. मग दादांच्याच घरात ते का वाटले होते?

सोमवारी सकाळी बाईंनी आम्हांस दुसरा पाव विकला, आणि सुटे पैसे दोनदा मोजून परत केले. पुढच्या वाटेवर हॅरिसचा खडकाळ पूर्व किनारा लागला. तेथे माती इतकी पातळ, की पूर्वी प्रेत पुरावयासही डोंगर ओलांडून पश्चिमेकडे न्यावे लागे. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी सुपीक माळावरून हुसकलेली कुळे याच खडकांत, शेवाळ व माती रचून, बटाटे पिकवीत.

ल्यूइसच्या टोकास 1862 चे तांबड्या विटांचे दीपगृह आहे. त्याच्या आडोशास उभे राहून आम्ही घरी दूरध्वनी केला, आणि दादांस बोलावण्यास सांगितले.

"यंदा शीतळासप्तमी कधी?"

"का? चहा करायचा आहे?"

"नाही. आदल्या दिवशी बटाटे सोलावयास कोणी हवे असेल, म्हणून विचारतो."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. वाऱ्यामुळेही असेल.