त्सुगारूचा कोगिन : बंदीतून उमटलेली नक्षी

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे. त्याच्या पश्चिम भागाला त्सुगारू म्हणतात. हिरोसाकी हे तिथले जुने संस्थानी शहर. जवळच 1625 मीटर उंचीचा इवाकी पर्वत, भोवती सफरचंदाच्या बागा आणि हिवाळ्यात महिनोन्महिने बर्फ. या थंडीत कापूस पिकत नाही. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या भांगेच्या झाडाच्या सालीचे कापड असे. झाड वाफवायचे, साल सोलायची, तंतू हाताने जोडून सूत काढायचे, विणायचे आणि निळीत रंगवायचे, ही सारी कामे घरच्या बायका करीत.

बाहेरून सुती कापड येऊ लागले, तरी ते गरिबाला मिळाले नाही. 1724 साली त्सुगारू संस्थानाने काटकसरीच्या नावाखाली हुकूम काढून शेतकऱ्यांना सुती कपडे वापरण्यास मनाई केली. कोणी काय ल्यावे हे वरच्यांनी ठरवायचे, हा दंडक काय असतो ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

भांगेचे कापड विरळ. उन्हाळ्यात बरे, पण हिवाळ्यात त्यातून वारा शिरतो. तेव्हा या बायकांनी धाग्यांमधल्या फटी टाके घालून बुजवल्या. आधी भांगेच्याच धाग्याने आणि पुढे सुताचा धागा मिळू लागल्यावर पांढऱ्या सुताने. कापड उबदार झाले, टिकाऊ झाले आणि निळ्यावर पांढरी नक्षी उमटली. कामाच्या या आखूड किमोनोला कोगिन म्हणतात.

यातला हिशेब पक्का असतो. उभे धागे विषम संख्येत मोजायचे : एक, तीन, पाच, सात. एक धागा चुकला की पुढची सगळी ओळ बिघडते. या मोजणीतून उभट चौकट तयार होते. शेजारच्या नांबू भागात धागे सम संख्येत मोजतात, म्हणून तिथली चौकट आडवी पसरते. नक्ष्यांची नावे घरातली आणि शेतातली आहेत : कडधान्याचा दाणा, फूल, मांजराचा डोळा. हिरोसाकीच्या पश्चिमेकडील कोगिनच्या खांद्यावर दाट पट्टे असतात, कारण ओझे खांद्यावरच यायचे. पांढरे टाके मळले की अख्खा कपडा पुन्हा निळीत बुडवून वापरीत. काहीच वाया जात नसे.

1891 साली तोक्योहून आओमोरीपर्यंत रेल्वे आली. सुती कापड स्वस्त झाले आणि कोगिन मागे पडला. विसाव्या शतकात यानागी सोएत्सु यांच्या लोककला चळवळीने त्याची किंमत ओळखली. 1936 साली तोक्योत उघडलेल्या लोककला संग्रहालयात आज जुने कोगिन जपलेले आहेत. हिरोसाकीत ही कला अजून शिकवली जाते. भांगेच्या लागवडीवर मात्र 1948 च्या कायद्यापासून परवान्याचे बंधन आहे.

हुकूम काढणारे संस्थान गेले. ज्यांना सुती कापड नाकारले, त्या बायकांचे हातकाम मात्र मानाने मांडलेले आहे. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. टाके मात्र आजही मोजता येतात.