सूनबाईची फोनमधली वही

आमची सूनबाई सध्या बी.एड. करते आहे. आमच्या वेळी ते वर्षभरात उरकायचं. २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि त्यातले वीस आठवडे शाळेत काढायचे ठरले. आमच्याकडे असायची टाचणाची वही अन् तीत लाल शाईतले शेरे : 'फलकलेखन सुवाच्य', 'आवाज खणखणीत'. तिची वही फोनमध्ये. टाचणं, फळ्याचे फोटो, बाईंची परवानगी काढून केलेलं वर्गातलं रेकॉर्डिंग, आणि प्रत्येक पाठाखाली तिनं लिहायचं चिंतन. त्याला म्हणे पोर्टफोलिओ म्हणतात.

पहिली सगळी चिंतनं मी वाचली. 'पाठ छान झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' दहाही पाठांना तेच! पण तिला तरी काय बोलायचं? ज्या वहीला गुण मिळायचे, तीत स्वतःच्या चुका कोण लिहील? याचं उत्तर मलाही सापडलेलं नाही.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते आणि ती सहावीचा पाठ ऐकत होती. बाष्पीभवन. "ओले कपडे कशामुळे वाळतात?" विचारलं आणि श्वासही न घेता स्वतःच सांगून मोकळी, "उन्हामुळे!" मागून एक बारीक आवाज : "बाई, पण पावसाळ्यात घरातपण वाळतात की." पाठ पुढे गेला.

मी म्हटलं, "अगं, हा काढून टाक. दुसरा चांगला घाल."

"आई, हा आवाज मला वर्गात ऐकूच आला नव्हता हो!"

अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी १९७४ च्या सुमारास असेच टेपवर वर्ग ऐकले होते. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबले, की मुलांची उत्तरं लांबत, ती आपणहून प्रश्न विचारू लागत. तीन सेकंद! मी एकतीस वर्षं शिकवलं. माझ्या मागच्या बाकांवरून काय काय आलं असेल, कोण जाणे. टाचणाच्या वहीत मुलांचा आवाज कुठला यायला?

सूनबाईनं पाठ काढला नाही. खाली लिहिलं, 'मुलीचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही. सोमवारी दोन ओले रुमाल नेणार, एक उन्हात, एक वर्गात.'

सोमवारी सकाळी रुमाल मीच भिजवले, सारखे पिळले आणि तिच्या डब्याच्या पिशवीत घातले.