सोळाव्या किलोमीटरवरची माघार

लेहला नोकरीत असताना नव्याने आलेल्या जवानांना मी धावू देत नसे. 11 हजार फुटांवर शरीराला सवय व्हायला सहा दिवस द्यायचे, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे, हा नियम. एखादा तरणाबांड कुरकुरला की म्हणायचो, "डोंगरापुढे मर्दुमकी दाखवायची नाही."

निवृत्तीनंतर, वयाच्या 58व्या वर्षी, लडाख मॅरेथॉनमध्ये 21 किलोमीटर धावायला त्याच लेहला गेलो. पोचलो स्पर्धेच्या फक्त तीन दिवस आधी. पुण्यात चार अर्धमॅरेथॉन झाल्या होत्या. वाटलं, आपल्याला काय होतंय!

सुरुवातीचा उतार झकास गेला. मग लेहकडे परतीचा चढ लागला. डोकं ठणकायला लागलं, पाय वेडेवाकडे पडू लागले. सोळाव्या किलोमीटरला पाणी देणाऱ्या एका तरुण जवानाने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाला, "साहब, अब बस कीजिए."

एके काळी हे मी सांगायचो. छातीवरचा नंबर काढला आणि मुकाट्याने गाडीत बसलो.

पदक हुकलं. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा जाणार आहे, पण दहा दिवस आधी. पहिले दोन दिवस खोलीतच.