पहिला सूर कोण लावणार?

राष्ट्रगीत सुरू झालं की तुम्ही ते खरंच म्हणता का? म्हणजे आवाज काढून? मी जवळजवळ तीस वर्षं म्हटलं नाही. सावधान उभी राहायचे, नजर समोर, आणि फक्त ओठ हलवायचे.

चौथीत असताना शाळेत प्रार्थनेच्या गटासाठी मुली निवडत होते. बाईंनी माझ्याजवळ कान आणला आणि म्हणाल्या, "तू मागच्या रांगेत उभी राहा. नुसते ओठ हलव." रागावल्या नव्हत्या हो, त्यांना पुढच्या मुलीकडे जायची घाई होती. पण ते वाक्य असं काही मनात बसलं की पुढे गणपतीच्या आरतीतही मी टाळ्यांपुरतीच उरले.

गेल्या १५ ऑगस्टला बंगळुरूच्या आमच्या सोसायटीत झेंडा फडकला आणि नेमका स्पीकर बंद पडला. कुणीतरी उत्साहात सुरुवात केली. पहिल्या ओळी छान गेल्या. शेवटचे 'जय हे' आले तेव्हा निम्मे लोक गप्प, काही जण खालच्या सुरात उतरलेले, आणि एक काका एकटेच शिरा ताणून वर. मुलं फिदीफिदी हसली. घरी आल्यावर माझी लेक म्हणाली, "आई, तुझा तर आवाजच आला नाही. तुला येत नाही का?"

शब्दन् शब्द येतो की! पण हे तिला कसं सांगणार?

आमच्या वरच्या मजल्यावर एक बंगाली काकू राहतात, रवींद्रसंगीत शिकवतात. त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला फक्त बावन्न सेकंद गायचंय. (राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. आपण सोसायटीत ते इतकं लांबवतो की दम संपतो, ही आणखी एक गंमत.) काकूंनी पेटी पुढे ओढली आणि मला आधी गायलाच लावलं नाही, नुसती चाल ऐकवली.

तुमच्याकडे पेटी किंवा मोबाइलवर पियानो असेल तर तुम्हीही करून बघा. गाणं षड्जापासून सुरू होतं आणि बराच वेळ गंधाराच्या आसपास रेंगाळतं. अगदी बोलल्यासारखं. त्यामुळे आपण कोणत्या पट्टीत सुरुवात केली याची कुणाला फिकीरच नसते. मध्ये पंचमापर्यंत चढतं, एका जागी तीव्र मध्यम डोकावतो, तोही गर्दीत खपून जातो. मग शेवटाकडे चाल पुन्हा खाली षड्जावर येऊन टेकते, आणि पुढच्याच क्षणी पहिला 'जय हे' थेट वरच्या निषाद-षड्जावर! मध्ये पायरीच नाही. दुसरा 'जय हे' एक सूर खाली, तिसरा आणखी एक सूर खाली. सुरुवातीला पट्टी दोन सूर चढी लागली असेल तर त्याची वसुली इथे होते.

म्हणजे त्या काकांचा गळा वाईट नव्हता. सुरुवात करणाऱ्यानं त्यांना उंच नेऊन सोडलं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा आवाका दीड सप्तकाचा, तिथे भलेभले गायक अडखळतात. आपलं गीत मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, सप्तकापेक्षा जेमतेम एक सूर जास्त. हे ऐकून मला आधी वाईटच वाटलं, कारण माझी सबब गेली. स्पेनच्या लोकांचं बरं आहे, त्यांच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत.

शब्दांवरही काकूंचं म्हणणं होतं. रवींद्रनाथांनी हे संस्कृतप्रचुर बंगालीत लिहिलं, १९११ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं. बंगाली तोंडात 'अ' ओकाराकडे झुकतो, आपण तो मोकळा म्हणतो. 'उच्छल'मधला 'च्छ' घाईत 'छ' होतो आणि ताल पुढे सरकतो. "समास मोठे आहेत, श्वास आधीच घेऊन ठेव," असं त्या हिंदीत बजावत. मी एकेका समासाच्या मध्येच श्वास घेत होते, इतकी वर्षं मनातल्या मनातही!

पाच महिने दर शुक्रवारी गेले. पहिले तीन आठवडे माझा आवाज मलाच परका वाटायचा. एकदा तर पेटीवर डोकं टेकवून रडले, बाईंचं ते वाक्य काकूंना सांगितलं. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. "पुन्हा, निषादापासून," एवढंच म्हणाल्या.

तसं पाहिलं तर मला गायची सक्ती कुणी केली नव्हती. केरळमधल्या तीन मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्येच सांगितलं की आदरानं उभं राहून न गाणं हा अपमान नव्हे. त्या मुलांनी श्रद्धेपोटी तोंड मिटलं होतं. माझं भीतीपोटी मिटलेलं होतं.

२६ जानेवारीला सेक्रेटरींनी विचारलं, "कोण सुरू करणार?" लेकीनं माझ्याकडे बघितलंही नाही, इतकी तिची खात्री होती की आई पुढे होणार नाही. मी मोबाइलवर तानपुरा लावला, काळी पाच. बायकांना वरचा षड्ज झेपतो, पुरुषांना त्यांच्या सप्तकात आरामात गाता येतं, हे काकूंनी आधीच तपासून घेतलं होतं. सुरुवात इतकी खाली वाटली की दोघं-तिघं मागे वळून बघायला लागले. मी तशीच पुढे गेले. पहिला 'जय हे' लागला. ते काकाही होते, आरामात.

परतताना लिफ्टमध्ये लेक म्हणाली, "दुसरा 'जय हे' जरा हलला ना?"

"हलला."

"काकूंना सांगू?"

त्या मागच्याच रांगेत होत्या. शुक्रवारी निषादापासून सुरुवात आहे.