बंद लिफाफा

पत्रवाङ्मय शिकवताना मी नेहमी दोघांचाच विचार करत आलो: लिहिणारा आणि वाचणारा. अमेरिकेतील २००१ च्या अँथ्रॅक्स-पत्रांची हकीकत वाचली आणि या समजुतीला तडा गेला. १५ ऑक्टोबरला सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात लिफाफा उघडताच भुकटी सांडली. तेथील कर्मचाऱ्यांना तातडीने प्रतिजैविके देण्यात आली. तेच पत्र वॉशिंग्टनच्या ज्या ब्रेंटवुड टपालकेंद्रातून गेले, ते मात्र २१ तारखेपर्यंत चालूच होते. बंद लिफाफ्यातून जंतू बाहेर पडणार नाहीत, असा समज होता. तेथील दोन कामगार दगावले. या पत्रांनी एकूण ५ बळी घेतले. लोक पांढऱ्या भुकटीला भ्याले. लिफाफा वाहणारे हात उशिरा आठवले. माझ्या टिपणांतही पोस्टमन कुठेच नव्हता.