एकतीस डिसेंबरच्या आत

२०२५च्या ऑगस्टपासून माझा फोन एकाच प्रश्नासाठी वाजत होता. "एकतीस डिसेंबरच्या आत होईल का हो?" विचारणारे कधी एडिसनचे, कधी पार्सिपनीचे, कधी वुडब्रिजचे, त्यातले निम्मे गणपतीच्या आरतीला माझ्या शेजारी टाळ्या वाजवत उभे असलेले. मी न्यू जर्सीत घरांच्या छपरांवर बसणाऱ्या सोलरचं डिझाइन करतो. या धंद्यात अठरा वर्षं काढली. तोवर लोक आधी "किती वाचतील?" विचारायचे, मग "बर्फ पडल्यावर काय?" विचारायचे. त्या वर्षी बर्फाची कुणाला आठवण नव्हती.

झालंय ते थोडक्यात असं. अमेरिकेत स्वतःच्या पैशाने घरावर सोलर बसवणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के रक्कम केंद्रीय आयकरातून परत मिळायची. आपल्याकडच्या ८०सी सारखी ही उत्पन्नातली वजावट नाही, थेट भरायच्या करातच सूट, म्हणजे टॅक्स क्रेडिट. चोवीस हजार डॉलर खर्च केले तर कर सात हजार दोनशेने कमी. २०२२च्या कायद्याने ही सवलत २०३२पर्यंत ३० टक्के, पुढच्या वर्षी २६, त्याच्या पुढे २२ आणि मग बंद, असा हिशेब लिहून दिला होता. ४ जुलै २०२५ला राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने तो पुसला. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५०, तेही उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने. प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४. ३१ डिसेंबर २०२५पर्यंत ३० टक्के, १ जानेवारी २०२६ला शून्य. नुसते पैसे भरून भागणार नव्हतं, काम पुरं झालेलं लागत होतं.

त्याच दिवसांत अशाच एका काकांच्या घरी गेलो. निवृत्त इंजिनियर, स्वभाव मोजूनमापून. दोन वर्षांची वीजबिलं फायलीत लावलेली, वर एक्सेलची छापील प्रत. "तूच तपास, पण मला नऊ हजार युनिट लागतात," म्हणाले. बरोबर होतं. दक्षिणेचा उतार मोकळा, सावली नाही, आठ किलोवॅट आरामात बसले असते. शिडी लावून वर गेलो आणि शिंगलची एक कड अंगठ्याने उचलली, तर काळे दाणे रव्यासारखे तळहातावर आले. पन्हळीत तर त्यांचा थरच साचलेला. खाली शिंगलचा आणखी एक जुना थर. बावीस वर्षांचं छप्पर. त्यावर पंचवीस वर्षं टिकणारी पॅनेल्स ठोकायची म्हणजे चार वर्षांनी सगळं उतरवून पुन्हा चढवायचं.

"काका, आधी छप्पर बदलावं लागेल."

"मग बदल. पैसे वेगळे काढलेत."

पैसे होते, दिवस नव्हते. छप्परवाल्यांना नोव्हेंबरपर्यंत हात रिकामा नव्हता. त्यानंतर टाउनशिपचं परमिट, वीज कंपनीची मंजुरी, आमच्या माणसांची तारीख, इन्स्पेक्टरची भेट. बरं, छपराचा खर्च या सवलतीत कधीच धरला जात नव्हता, त्यामुळे तिथेही दिलासा नाही. चहा पिताना काकांनी विचारलं, "मग ते भाड्याचं काय? रविवारी एक मुलगा दारावर येऊन गेला. म्हणे, काही भरायचं नाही, क्रेडिटचीही काळजी नाही."

आता माझ्या दुखण्यावर येतो. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. नव्या कायद्याने स्वतः विकत घेणाऱ्याचं क्रेडिट संपवलं, पण भाडेकराराने पॅनेल्स बसवणाऱ्या कंपनीला मिळणारं व्यावसायिक क्रेडिट काही अटींसह चालू ठेवलं. ४ जुलै २०२६पर्यंत काम सुरू करा किंवा २०२७च्या अखेरीपर्यंत वीज सुरू करा, असं त्याचं वेळापत्रक आहे. छप्पर तेच, पॅनेल्स तीच, ऊनही तेच. फक्त मालक बदलला की सरकारचा हात सैल. कर्ज न काढता, आयुष्यभराच्या बचतीतून वीस वर्षांची वीज एकदम विकत घेणारा माणूस मात्र रिकाम्या हाताने परत. भाड्याला मी वाईट म्हणत नाही. ज्याच्याकडे रक्कम नाही, किंवा ज्याचा आयकरच इतका कमी आहे की सूट घ्यायची कशातून, त्याला तो मार्ग बरा पडतो. पण करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात, भाडं बहुधा दरवर्षी थोडं चढतं, आणि घर विकताना तो करार नव्या मालकाच्या गळ्यात घालावा लागतो. काकांना मी करारातलं भाडेवाढीचं कलम दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि कागद घडी करून फायलीत ठेवला.

सवलत अशी अचानक तुटणं हे पहिल्यांदा होत नाहीये. पाच-सहा वर्षांपूर्वी एका आजींच्या घरावरून मी पाणी तापवण्याचे जुने सोलर पत्रे उतरवले होते. काच धुरकटलेली, तांब्याच्या नळ्या थंडीत फुटलेल्या, टाकीवर कंपनीचं नाव आणि लागत नसलेला फोन नंबर. आजी म्हणाल्या, "दोन हिवाळे छान चालले. मग दुरुस्तीला फोन केला तर उचलायलाच कोणी नाही." ती गोष्ट १९८० ते ८५ची. जिमी कार्टर यांच्या काळात, १९७८च्या कायद्याने, घरगुती सोलरला पहिल्यांदा करसूट मिळाली. १९८०मध्ये ती पहिल्या दहा हजार डॉलरवर ४० टक्क्यांपर्यंत नेली. २० जून १९७९ला व्हाइट हाउसच्या छपरावरही पाणी तापवणारी ३२ पॅनेल्स चढली. १९८५च्या शेवटी सूट एका रात्रीत संपली, धंदा बसला आणि पुढच्या वर्षी छपराच्या डागडुजीच्या निमित्ताने व्हाइट हाउसवरची पॅनेल्सही खाली आली. आजींच्या नळ्या त्याच हिवाळ्यांत फुटल्या. सूट गेली म्हणून नाही, तर दुरुस्ती करणारा गेला म्हणून.

२००६पासून पुन्हा सुरुवात झाली, कमाल दोन हजार डॉलर. २००८च्या बँकबचाव कायद्यात ती मर्यादा निघाली, २०१५मध्ये मुदत वाढली, २०२०मध्ये पुन्हा वाढली, २०२२मध्ये दहा वर्षांचा शब्द मिळाला. तो तीन वर्षं टिकला. गंमत म्हणजे सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल इथेच, एडिसनहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरच्या मरे हिलमध्ये, बेल लॅब्जनी १९५४ साली दाखवला. त्यावर त्यांनी खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. आमचं वेळापत्रकही त्याच पाळण्यात बसलंय.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र मला पटतात, आणि ते मान्य केल्याशिवाय वकिली करणं मला जमणार नाही. पहिला, ही सवलत स्वतःचं घर आणि बऱ्यापैकी कर असलेल्यांकडेच जाते. २०२३च्या विवरणपत्रांत बारा लाखांवर कुटुंबांनी या कलमाखाली सहा अब्ज डॉलरहून जास्त सूट घेतली. भाडेकरूला त्यातलं काही नाही. सांगलीला माझ्या मेहुण्याने सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅट बसवले, तर ७८ हजार रुपये थेट बँकेत आले, त्याचा आयकर किती हे कुणी विचारलं नाही. ती पद्धत मला जास्त सरळ वाटते. दुसरा मुद्दा किमतीचा. अमेरिकेत घरगुती सोलरला वॅटमागे साधारण तीन डॉलर पडतात, ऑस्ट्रेलियात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पॅनेल दोन्हीकडे सारखंच. फरक परमिटांचा, विक्रीच्या दलालीचा आणि खेपांचा. एकट्या न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका. एकीला नकाशा निळ्या शाईच्या सहीचा हवा, दुसरीला पीडीएफ. ३० टक्के परत मिळतात म्हटल्यावर हा खर्च कमी करण्याची घाई आमच्या धंद्याने केली नाही, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

पण त्यावर उपाय दोरी कापणं हा नव्हे, सैल करत नेणं हा होता. २०२२च्या कायद्यात तो उतार लिहिलेला होताच. नको होता तर लवकर सुरू करायचा होता: पुढल्या वर्षी २४, मग १८, मग १२. कंपन्यांनी किंमत उतरवली असती, परमिटवाल्यांवर दबाव आला असता, गिऱ्हाइकाने छप्पर आधी बदललं असतं. काय होणार ते तेव्हाच दिसत होतं. डिसेंबरपर्यंत घाई, घाईतली कामं, गळणाऱ्या छपरांवर ठोकलेले बोल्ट. आणि जानेवारीत घरी बसवलेली माणसं. दहा वर्षांनी गळतीचा फोन उचलायला कोण असेल?

वेळही किती नेमकी साधलीय. १ जून २०२५पासून न्यू जर्सीतली वीजबिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. तेरा राज्यांच्या सामाईक ग्रिडच्या लिलावात क्षमतेचा दर मेगावॅटमागे दिवसाला २९ डॉलरवरून २७०वर गेला; डेटा सेंटर्सची भूक हे त्यामागचं एक मोठं कारण. २०२५च्या नोव्हेंबरमधल्या गव्हर्नरच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवार वीजबिलावर बोलत होते. अशा वेळी लोक स्वतःच्या खिशातून वीजनिर्मिती उभी करायला तयार आहेत, जोडीला बॅटरी घेऊन संध्याकाळची मागणीही थोडी उतरवायला तयार आहेत, आणि सरकार त्यांना सांगतंय की थांबा. काकांचा हिशेब क्रेडिटशिवायही साडेआठ-नऊ वर्षांत फिटतो, कारण इथे दर चढे आहेत आणि राज्याची स्वतंत्र मदत आहे. जिथे वीज स्वस्त आणि नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेल्या विजेची बिलातून वजावट, नाही, त्या राज्यांत माझ्यासारख्याला आता शिडी विकून टाकावी लागेल.

२०२५च्या मार्चमध्ये रिपब्लिकन पक्षाच्याच २१ प्रतिनिधींनी ऊर्जेच्या सवलती सांभाळा म्हणून पत्र दिलं होतं. जुलैत त्यांतल्या बहुतेकांनी विधेयकाच्याच बाजूने हात वर केला. तरीही मी माझ्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करतो. उचलणारी मुलगी आधी पिनकोड विचारते. त्यांच्या लेखी तेवढंच महत्त्वाचं. मग मी माझी मागणी सांगतो: विकत घेणाऱ्याला निदान भाड्याने देणाऱ्या कंपनीइतकी मुदत द्या, टक्केवारी हवी तर दरवर्षी उतरवा, आणि ज्याचा कर कमी त्याला उरलेली रक्कम रोख द्या. "नोंद घेतली," ती म्हणते. तुमच्यापैकी जे इथे मत देतात त्यांनीही असा फोन करावा. दोन मिनिटं लागतात.

काकांनी त्या वर्षी फक्त छप्पर करायचं ठरवलं. छप्परवाल्याला सांगून दक्षिणेच्या उतारावरचे न्हाणीघराचे दोन व्हेंट पाइप उत्तरेला घेतले. ॲटिकपासून खाली मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून टाकून ठेवायचा, त्यात नायलॉनची दोरी ओवायची, वायर ओढायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून. दोरीची लांबी काकांनी स्वतः मोजली. अडतीस फूट.